मुलांच्या केसमध्ये कोर्टानं ड्रग टेस्ट लावली आहे? अमेरिकेतल्या मराठी पालकांनी या चुका टाळाव्यात

बालसंरक्षण खात्याची, म्हणजे सीपीएसची केस उभी राहिली की अमेरिकेतलं कोर्ट अनेकदा पालकांना लघवीची तपासणी लावतं. ती एकदा देऊन सुटका होत नाही, महिनोन्‌महिने चालते. १९९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये (खात्यानं ठरवलेल्या तात्पुरत्या घरी) राहिलं, तर काही अपवाद सोडता खात्याला पालकत्वाचे हक्क संपवण्याचा अर्ज करावाच लागतो. त्यामुळे एका चुकीच्या रिपोर्टपायी गेलेले दोन महिनेही फार महागात पडतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते टेस्टला न गेल्यानं. बऱ्याच ठिकाणी रोज सकाळी फोन करून आज आपल्याला ठरवून दिलेला नंबर किंवा रंग लागला आहे का, ते बघावं लागतं. चुकवलेली टेस्ट पुष्कळ एजन्सी सरळ पॉझिटिव्ह धरतात. गाडी बंद पडली, मूल आजारी पडलं, काहीही झालं तरी त्याच दिवशी केसवर्कर आणि वकील दोघांना लेखी कळवा आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. नुसतं तोंडी सांगितलेलं कोर्टात टिकत नाही. भारतात जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी वकिलाशी बोला.

दुसरी चूक भीतीपोटी होते: जाण्याआधी लिटर-दोन लिटर पाणी पिणं. लघवीतलं क्रिएटिनिन (शरीर रोज बाहेर टाकतं तो घटक) २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि विशिष्ट गुरुत्व १.००३ च्या खाली गेलं की नमुना ‘डायल्यूट’, म्हणजे पाणचट ठरतो. मग काही घेतलेलं नसलं तरी लपवाछपवीचा संशय येतो. एक-दोन पेले पाणी पुरे. शक्यतो सकाळी लवकर जा, तेव्हा लघवी दाट असते.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे आणि औषधांच्या डब्याकडे वळू, कारण मराठी घरात खरी गडबड इथेच होते. खसखशीच्या दाण्यांवर मॉर्फिन आणि कोडीनचा अंश असतो. अनारशावर लावलेली, करंजीच्या सारणातली किंवा डिंकाच्या लाडवातली खसखस टेस्टमध्ये ओपिएट, म्हणजे अफूपासूनची द्रव्यं दाखवू शकते. केंद्र सरकारच्या नोकरीच्या टेस्टमध्ये ही मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली गेली, ती मुख्यतः खसखशीमुळेच. पण ती मर्यादा सीपीएसच्या टेस्टला लागू असेलच असं नाही. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लॉरेन्स काउंटीत बेगलवरची खसखस पोटात गेलेल्या आईचं तीन दिवसांचं बाळ नेलं गेलं आणि पाच दिवसांनी परत मिळालं. पुढे २०१३ मध्ये त्या प्रकरणात १,४३,५०० डॉलरची तडजोड झाली. टेस्ट सुरू असेपर्यंत खसखस घरात आणूच नका.

दारू प्यायल्याचे अंश लघवीत शोधणारी ईटीजी टेस्ट असेल तर द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट बंद ठेवा. या आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोल असतो. अल्कोहोलवाला माउथवॉशही नको. ईटीजी इतकी बारीक आहे की एकट्या तिच्यावर विसंबू नये, असा इशारा अमेरिकी सरकारच्या व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य बघणाऱ्या ‘सॅमसा’ या संस्थेनं २००६ मध्येच दिला होता. भारतातून आणलेलं कोडीनचं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल यांची चिठ्ठी नसेल तर उत्तर देणं अवघड जातं. सगळ्या औषधांची यादी टेस्टच्या आधीच लेखी द्या. पॉझिटिव्ह आल्यावर आठवलेलं औषध सबब वाटतं. होळीच्या भांगेत तर थेट टीएचसी, म्हणजे गांजातला नशेचा घटकच असतो. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी कोर्टाच्या आदेशात मनाई असेल तर ती पाळावीच लागते.

कपातली पट्टी पॉझिटिव्ह दिसली म्हणून घाबरून कशावरही सही करू नका. पट्टी फक्त प्राथमिक अंदाज देते. जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या लॅबमधल्या अचूक पद्धतीनं पक्की तपासणी वकिलामार्फत लगेच मागा आणि लॅब नमुना किती दिवस ठेवते ते विचारा. मेथअँफेटामिन हा अमली पदार्थ आला असेल तर ‘डी’ आणि ‘एल’ रूपं वेगळी करून मागा, कारण नाक मोकळं करणाऱ्या काही अमेरिकी इनहेलरमध्ये ‘एल’ रूप असतं. पक्की तपासणी न करता निकाल मान्य केल्यानं काय होतं, ते टोरांटोच्या मदरिस्क लॅबनं दाखवलं. तिथल्या केसांच्या चाचण्या बालसंरक्षणाच्या कामी वापरण्याइतक्या विश्वासार्ह नव्हत्या, असं २०१५ च्या चौकशीत निघालं. नंतरच्या आयोगानं १,२७१ केसेस तपासल्या. त्यांपैकी ५६ मध्ये त्या चाचण्यांचा निकालावर मोठा परिणाम झाला होता.

नमुना देताना बाटली तुमच्या डोळ्यांदेखत सील झाली पाहिजे. सीलवरचा नंबर फॉर्मवरच्या नंबराशी जुळवा, मगच आद्याक्षरं टाका. फॉर्मची तुमची प्रत घरी फाइलला लावा.

केसांची टेस्ट साधारण दीड इंचावर, म्हणजे मागच्या ९० दिवसांवर बोलते. नशा सोडून दोन महिने झालेल्या माणसाच्या केसांचा नमुनाही पॉझिटिव्ह येऊ शकतो. ते नवं व्यसन समजलं जाऊ नये म्हणून सोडल्याची तारीख आणि मधले निगेटिव्ह रिपोर्ट वकिलाकडे देऊन ठेवा.

अफूजन्य व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर टेस्टच्या धास्तीनं स्वतःहून बंद करू नका. चिठ्ठीनुसार चाललेल्या या उपचाराला अपंगत्व हक्क कायद्याचं संरक्षण आहे, हे अमेरिकी न्याय खात्यानं एप्रिल २०२२ मध्ये लेखी स्पष्ट केलं आहे. केसवर्कर ‘आधी गोळी सोडा’ म्हणाला, तर ते त्याच्याकडून ईमेलवर मागा आणि तो ईमेल वकिलाला पाठवा.