मार्केटप्लेसचा विमा घेणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी घरांनी १५ डिसेंबरच्या आत काय उरकावं

अमेरिकेत ज्यांना नोकरीतून आरोग्य विमा मिळत नाही आणि जे तो मार्केटप्लेसवरून, म्हणजे सरकारी विमा बाजारातून घेतात, त्यांनी आता तयारीला आयकराच्या कागदांपासून बसावं, डॉक्टर आणि दवाखाना त्यानंतर बघावा. या विम्याच्या हप्त्यावर २०२१ मध्ये आलेली वाढीव सबसिडी ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, मूळची सबसिडी तेवढी उरली. तिच्या मुदतवाढीवरूनच १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस केंद्र सरकारचं कामकाज बंद होतं, तरी वर्ष संपायच्या आत तोडगा निघाला नाही. त्याआधी ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या मोठ्या कायद्याने मार्केटप्लेसचे नियम आवळले आहेत आणि ते २०२६, २०२७, २०२८ असे टप्प्याटप्प्याने लागू होतात. अमेरिकेची काँग्रेस (संसद) उद्या काय करेल यावर बेत आखू नका, आजचा कायदा धरून चाला. सबसिडी वाढलीच तर अर्ज सुधारता येतो. तिच्या आशेवर तारीख चुकली तर मात्र पुढचं सबंध वर्ष विम्याविना जाण्याची पाळी येते.

पहिलं काम तारखांचं. टेक्सास, नॉर्थ कॅरोलिना, मिशिगन अशी राज्यं केंद्र सरकारच्या हेल्थकेअर डॉट गव्ह या साइटवर आहेत. तिथे २०२७ च्या विम्यासाठी नोंदणी १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर अशीच आहे. गेल्या हंगामात १५ जानेवारीपर्यंत वेळ होता, त्या सवयीने राहू नका. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, जॉर्जिया, इलिनॉय यांचं स्वतःचं मार्केटप्लेस आहे. त्यांना तारखा ठरवायची थोडी मोकळीक असली तरी ३१ डिसेंबरच्या पुढे कुणालाच जाता येत नाही. कमी उत्पन्नाच्या आधारावर वर्षभर केव्हाही नाव घालायची जी सोय होती तिला आता सबसिडी मिळत नाही. म्हणजे या सहा आठवड्यांनंतर नोकरीचा विमा जाणं, लग्न, बाळ, नव्या ठिकाणी राहायला जाणं अशा कारणांशिवाय दार बंद.

दुसरं काम उत्पन्नाचा आकडा. इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. सबसिडीसाठी धरतात ते उत्पन्न जानेवारी ते डिसेंबरचं, रिटर्नमधल्या सगळ्या कुटुंबाचं आणि जगभरातलं. ग्रीन कार्डवाल्या आईबाबांची भारतातली पेन्शन, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या ठेवींचं व्याज हे सगळं त्यात येतं. एनआरई खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त असतं, अमेरिकेत नसतं. भारतातल्या बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचं मिळतं, ते तसंच उतरवून घेऊ नका. पासबुकावरून जानेवारी ते डिसेंबरची बेरीज वेगळी करा आणि त्या वर्षाच्या सरासरी दराने डॉलर करा.

ही बेरीज दोन रेषांच्या मध्ये बसायला हवी. गरिबी रेषेच्या १०० टक्क्यांच्या खाली गेलात तर सबसिडी नाही, ४०० टक्क्यांच्या वर गेलात तरी नाही. २०२६ च्या विम्यासाठी वरची रेषा एकट्याला ६२,६००, दोघांना ८४,६०० आणि चौघांच्या घराला १,२८,६०० डॉलर आहे. २०२७ च्या विम्याला हेच आकडे ६३,८४०, ८६,५६० आणि १,३२,००० होतात. वरची रेषा ओलांडल्यावर सबसिडी हळूहळू कमी होत नाही, ती एकदम शून्य होते. एक उदाहरण मांडून बघा. चौघांचं घर, २०२६ चं उत्पन्न बरोबर १,२८,६००. कायद्याप्रमाणे त्यांनी उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे १२,८०९ डॉलर स्वतः भरायचे. त्यांच्या काउंटीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर प्लॅनचा (ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड यांतला मधला दर्जा; सबसिडी याच प्लॅनवरून मोजतात) वर्षाचा प्रीमियम २४,००० धरला तर उरलेले ११,१९१ सरकार भरतं. उत्पन्न एका डॉलरने वाढलं की हे ११,१९१ गेले.

आणि ते नुसते पुढे बंद होत नाहीत, आधी मिळालेलेही परत मागितले जातात. २०२५ पर्यंत वरच्या रेषेच्या आत राहणाऱ्यांना परतफेडीची कमाल मर्यादा होती. २०२६ च्या करवर्षापासून ती मर्यादाच काढून टाकली आहे. अंदाज चुकला तर जास्तीचा प्रत्येक डॉलर रिटर्न भरताना परत करावा लागतो. म्हणून ऑक्टोबरात एकदा आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा वर्षाचं उत्पन्न पुन्हा मोजा. शेअर विकून झालेला नफा, म्युच्युअल फंडाने वर्षअखेरीला वाटलेला लाभ, आयआरए या निवृत्ती खात्यातून काढलेली रक्कम या तीन गोष्टी हटकून विसरल्या जातात. काठावर असाल तर शेअर जानेवारीत विका. उत्पन्न खाली आणायचे कायदेशीर मार्गही आहेत. पारंपरिक आयआरएची वजावट मिळण्यासारखी असेल तर ती, आणि एचएसए, म्हणजे करसवलतीचं आरोग्य बचत खातं. २०२६ पासून मार्केटप्लेसवरचे सगळे ब्रॉन्झ प्लॅन एचएसएला पात्र ठरतात. त्या वर्षासाठी एकट्याला ४,४००, कुटुंबाला ८,७५० डॉलर भरता येतात, ५५ च्या पुढच्यांना वर हजार, आणि मुदत १५ एप्रिल २०२७ पर्यंत आहे. वर्ष संपल्यावरही रेषेच्या आत यायची ही एक वाट उरते. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) सुरू झालेल्यांना मात्र एचएसएत भर घालता येत नाही.

उत्पन्नाचा भरवसा नसेल, धंदा असेल किंवा कंत्राटावर काम असेल, तर सबसिडी दरमहा पूर्ण उचलू नका. अर्धी उचला किंवा अजिबात नको म्हणा, हिशोबात बसेल तेवढी रिटर्नमध्ये मिळतेच. अट एकच: पॉलिसी मार्केटप्लेसवरूनच घेतलेली हवी. तीच कंपनी, तोच प्लॅन थेट कंपनीकडून घेतलात तर एक पैसाही मिळत नाही.

आता आईबाबांचं. मुलाने किंवा मुलीने नागरिक झाल्यावर बोलावून घेतलेले, ग्रीन कार्डवर आलेले, पासष्टीच्या पुढचे आईवडील हे मार्केटप्लेसमधलं आपल्याकडचं नेहमीचं चित्र. त्यांची चाळीस तिमाह्यांची नोकरी अमेरिकेत झालेली नसते म्हणून फुकट मेडिकेअर नाही. ग्रीन कार्डावर पाच वर्षं पूर्ण नाहीत म्हणून विकत घ्यायचीही सोय नाही, आणि बहुतेक ठिकाणी मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) नाही. आजवर उत्पन्न अगदी कमी असलं तरी अशा ग्रीन कार्डवाल्यांना खास तरतुदीने सबसिडी मिळायची. ती तरतूद १ जानेवारी २०२६ ला रद्द झाली. दोघांच्या घराला खालची रेषा २०२६ साठी २१,१५० आणि २०२७ साठी २१,६४० डॉलर आहे. फक्त भारतातल्या पेन्शनवर असलेलं बहुतेक जोडपं तिथवर पोचत नाही, आणि मग पूर्ण प्रीमियम भरावा लागतो. त्या वयाला तो बऱ्याच काउंट्यांत माणशी महिन्याला हजार डॉलरच्या पुढे जातो.

तेव्हा करसल्लागाराला आधी हे विचारा की आईबाबा कुणाच्या रिटर्नमध्ये आहेत. चौघांचं घर असलेल्या मुलाने त्यांना अवलंबित दाखवलं तर सहा जणांचं घर धरतात आणि मुलाचं व सुनेचं सगळं उत्पन्न मोजलं जातं. २०२६ साठी तिथे वरची रेषा १,७२,६०० आहे. स्वतःचं रिटर्न भरत असतील तर त्यांचंच उत्पन्न बघतात. भाडं, व्याज, पेन्शन मिळून खालची रेषा खरोखर ओलांडत असेल तर ते कागदाने दाखवा. आकडा फुगवून मात्र लिहू नका, अर्जावर सही खरेपणाची असते. पाच वर्षं होत आली असतील तर ग्रीन कार्डावरची तारीख बघा आणि भारतातल्या प्रत्येक फेरीची जाण्यायेण्याची तारीख लिहून ठेवा, कारण वास्तव्य सलग लागतं. पासष्टीपुढच्यांना पाच वर्षं पूर्ण होताना मेडिकेअर विकत घ्यायची सात महिन्यांची खिडकी उघडते. २०२६ मध्ये पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च) महिना २०२.९० आणि पार्ट ए (रुग्णालयाचा खर्च) ५६५ डॉलर आहे. पार्ट ए विकतच घ्यावा लागणाऱ्याला तो न घेता मार्केटप्लेसवर राहता येतं, पण पार्ट बी लांबवल्यास दर बारा महिन्यांना दहा टक्के दंड बसतो आणि तो कायम राहतो.

भारतातली आरोग्य पॉलिसी या भानगडीत बंद करू नका, ही कळकळीची विनंती. मार्केटप्लेसचे बहुतेक प्लॅन भारतातला खर्च देत नाहीत. भारतातली पॉलिसी खंडित झाली की जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पहिल्यापासून मोजतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे.

एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर १ जानेवारी २०२७ पासून सबसिडी नाही. विमा पूर्ण किमतीला घेता येतो, एवढंच. त्यामुळे लेऑफची तयारी वेगळी करावी लागते. कंपनीचा विमा कोणत्या दिवशी संपतो ते एचआरकडून लेखी घ्या. काही कंपन्यांत शेवटच्या दिवशीच संपतो, काहींत महिनाअखेरीला. कोब्रा, म्हणजे कंपनीचाच विमा स्वतःच्या खर्चाने पुढे चालू ठेवणं, निवडायला ६० दिवस मिळतात आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो, म्हणून त्या काळात काही घडलं तरच पैसे भरायचे असंही करता येतं. किंमत पूर्ण प्रीमियमच्या १०२ टक्क्यांपर्यंत. मार्केटप्लेसवर यायलाही ६० दिवसच असतात. नेहमीची चूक अशी की आधी कोब्रा घेतात, मे महिन्यात परवडत नाही म्हणून सोडतात आणि मार्केटप्लेसकडे वळतात. स्वतःहून सोडलेल्या कोब्रामुळे दार उघडत नाही, नोव्हेंबरची वाट बघावी लागते. ग्रीन कार्डवाल्यांनी किंवा नागरिकांनी लेऑफनंतर सबसिडी घेतली तर सेव्हरन्स (नोकरी जाताना मिळालेली रक्कम), उरलेल्या रजेचे पैसे, हाती आलेले आरएसयू (कंपनीने दिलेले शेअर) आणि बेकारी भत्ता वर्षाच्या उत्पन्नात धरा. सप्टेंबरात नवी नोकरी लागून वर्षाची बेरीज रेषेवर गेली तर उन्हाळ्यातली सगळी सबसिडी परत जाते.

ऑक्टोबर औषधांसाठी ठेवा. आईबाबा औषधं भारतातल्या ब्रँडच्या नावाने सांगतात आणि ती नावं इथल्या प्लॅनच्या यादीत सापडत नाहीत. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. गोळीची पट्टी उलटी करून बारीक अक्षरातलं मूळ नाव आणि मिलिग्रॅम उतरवा. ग्लायकोमेट-जीपीसारखी जोडगोळी असेल तर दोन्ही घटक वेगळे लिहा. डॉक्टरांच्या बाबतीत 'तुम्ही अमुक कंपनी घेता का' हा प्रश्न कामाचा नाही, एकाच कंपनीची पाच नेटवर्कं असतात. प्लॅनचं पूर्ण नाव आणि चौदा अक्षरांचा क्रमांक वाचून दाखवा आणि पुढच्या वर्षासाठी विचारा.

मोफत मदत करणाऱ्या नॅव्हिगेटरांचं केंद्राचं अनुदान २०२५ मध्ये ९.८ कोटींवरून १ कोटी डॉलरवर आणलं गेलं, म्हणून त्यांची वेळ ऑक्टोबरातच मागून ठेवा. एजंट चालतो, त्याला पैसे कंपनी देते. फोनवर ओटीपी मागणारा, गिफ्ट कार्ड देऊ करणारा नको. अल्पमुदतीचे प्लॅन आणि खर्च वाटून घेणाऱ्या धार्मिक योजना स्वस्त दिसतात, पण त्यांच्यावर जुन्या आजारांचा खर्च भरून द्यायचं बंधन नाही. मधुमेह किंवा बायपास झालेल्या माणसासाठी ते घेऊ नका.

१ नोव्हेंबरला खात्यात शिरा, जुन्या प्लॅनचं आपोआप होणारं नूतनीकरण तसंच होऊ देऊ नका. २०२८ च्या विम्यापासून उत्पन्न, पत्ता, स्थलांतराचा दर्जा आधी पडताळल्याशिवाय सबसिडी चालू राहणारच नाही, तेव्हा ही सवय आत्ताच लावा. सिल्व्हरच्या आधी गोल्ड बघा. कमी उत्पन्नवाल्यांना डिडक्टिबलमध्ये (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायच्या रकमेत) द्यायच्या सवलतीचा बोजा २०१७ पासून कंपन्या सिल्व्हरवर टाकतात, त्यामुळे काही काउंट्यांत गोल्ड स्वस्त पडतो. गरिबी रेषेच्या २५० टक्क्यांच्या आत असाल तर मात्र सिल्व्हरच घ्या, डिडक्टिबलमधली सूट फक्त त्यावर आहे. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स इथे विमा न घेतल्यास राज्याचा दंड आहे हेही हिशोबात धरा.

प्लॅन निवडला म्हणजे विमा सुरू झाला असं नाही, पहिला हप्ता भरल्यावर होतो. कंपनी बदलली असेल तर जुनं ऑटोपे नव्या कंपनीकडे जात नाही. जानेवारीत कार्डं न येण्याचं हेच कारण जास्त वेळा निघतं. सबसिडीवाल्यांनी एखादा हप्ता चुकवला तर तीन महिन्यांची सवड असते, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याची बिलं कंपनी अडवून ठेवते.

जानेवारीअखेर मार्केटप्लेसकडून १०९५-ए हा फॉर्म येईल, तो हाती असल्याशिवाय रिटर्न भरू नका. त्यातला मधला, बी रकाना म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हरचा आकडा. आगाऊ सबसिडी घेतली नसेल तर तो बरेचदा कोरा किंवा शून्य असतो. शून्य तसाच सबसिडीचा हिशोब मांडायच्या ८९६२ फॉर्ममध्ये गेला तर हक्काची सबसिडी शून्य निघते. मार्केटप्लेसच्या साइटवर पिन कोड आणि वयं घालून तो आकडा महिन्यागणिक काढा आणि मग फॉर्म भरा.