आर्कॉन खेळताय? मग या चुका टाळा

आर्कॉन या संगणकावरच्या जुन्या खेळाचा पहिला डाव बहुतेक जण एकाच पद्धतीने हरतात. समोर पट दिसला की डोक्यात बुद्धिबळ सुरू होतं. प्यादी पुढे सरकवायची, मधली घरं धरायची आणि संधी मिळाली की समोरचा मोहरा उचलायचा. म्हणून आपण आपला नाइट गॉब्लिनच्या घरात नेऊन ठेवतो. तेवढ्यात पट नाहीसा होतो, पडदाभर एक मैदान उघडतं आणि जो गॉब्लिन आपण 'खाल्ला' असं धरून चाललो होतो तो सोटा घेऊन अंगावर येतो. इथे कुणीच फुकट मरत नाही. घर हवं असेल तर जॉयस्टिक हातात घेऊन लढावं लागतं.

हा खेळ 1983 चा. फ्री फॉल असोसिएट्स या छोट्या अमेरिकन चमूने तो अटारीच्या 8-बिट संगणकांसाठी बनवला आणि तेव्हा नव्याच असलेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने सुरुवातीच्या खेळांमध्ये बाजारात आणला. रचना जॉन फ्रीमन आणि पॉल राइके यांची, प्रोग्रॅमिंग ॲन वेस्टफॉल यांचं. पुढे तो कमोडोर 64, ॲपल 2, अमिगा, निन्टेन्डो अशा बऱ्याच यंत्रांवर गेला. राइके यांनी नंतर स्टार कंट्रोल हा खेळ केला. त्यातही नकाशावर डावपेच आणि प्रत्यक्ष चकमक हातघाईची, अशीच जोडी आहे.

पट 9 गुणिले 9 चा, प्रत्येक बाजूला 18 मोहरे. उजेडाच्या बाजूला एकेक विझार्ड, फिनिक्स, जिनी, दोन-दोन युनिकॉर्न, व्हाल्करी, आर्चर, गोलेम आणि सात नाइट. अंधाराकडे एकेक सॉर्सरेस, ड्रॅगन, शेपशिफ्टर, दोन-दोन बॅसिलिस्क, बॅन्शी, मँटिकोर, ट्रोल आणि सात गॉब्लिन. ही यादी दोन डावांत पाठ होते. पटाचा रंग सतत बदलत असतो याची सवय व्हायला मात्र वेळ लागतो, आणि खाली दिलेल्या निम्म्याहून जास्त चुका तिथूनच निघतात.

घराचा रंग न बघता भिडणं

पटावरची काही घरं कायम पांढरी, काही कायम काळी. उरलेली बदलती. मधली उभी रांग पूर्ण बदलती आहे आणि मधली आडवी रांग दोन टोकं सोडून बदलती. चाली होत जातात तशी ही घरं एकेक छटा उजळत जातात, पूर्ण पांढरी होतात, मग पुन्हा काळवंडू लागतात. लढाई ज्या घरात होते त्या घराचा रंग ज्याच्या बाजूचा, त्याची जीवनरेषा लांब. पडद्याच्या दोन कडांना त्या दोन उभ्या रेषा दिसतात. लढाई सुरू होताच आधी तिकडे नजर टाका, निकाल कुठे झुकलाय ते तिथेच कळतं.

रंगाचं वजन किती, हे नीट पाहायचं असेल तर शेपशिफ्टर बघा. तो समोर येईल त्याचंच रूप घेतो. फिनिक्ससमोर फिनिक्स, नाइटसमोर नाइट. हत्यार तेच, वेग तोच. म्हणजे खेळणाऱ्याचा हात सोडला तर फरक उरतो तो फक्त घराच्या रंगाचा. यात नवखे लोक दुहेरी फसतात. शेपशिफ्टर म्हणजे मोठा मोहरा म्हणून त्याच्यावर जिनी किंवा फिनिक्स सोडतात, तेही काळ्या घरात. हरले तर आपला सगळ्यात भारी मोहरा जातो. त्याऐवजी तो पांढऱ्या घरात सापडला की नाइट पाठवा. तो मग नाइटच होणार आणि त्याची रेषा तुमच्यापेक्षा आखूड असणार. हरलात तरी गेलं एक प्यादं.

दुसरी गफलत वेळेची. पट पूर्ण उजळला की उजेडाचा खेळाडू निवांत होतो. आता आपलीच सद्दी म्हणून मोहरे सावकाश जमवत बसतो. खरं तर त्या क्षणापासून त्याचं दर चालीला नुकसानच होणार असतं. हल्ले सुरू करायचे ते पट उजळत असताना, पूर्ण पांढरा व्हायच्या एक-दोन छटा आधी. शिखर गाठेपर्यंत तुमच्या लढाया उरकलेल्या असल्या पाहिजेत. उतरण लागली की बदलत्या घरांतले नाजूक मोहरे कायम पांढऱ्या घरांत मागे घ्या. हे न केल्यामुळे मधल्या रांगेत उभा असलेला आर्चर तीन-चार चालींनंतर काळ्याकुट्ट घरात एकटा सापडतो, आणि बॅसिलिस्कची नजर त्याच्याकडे वळते. बॅसिलिस्कची स्वतःची रेषा तशी आखूडच, पण काळ्या घरात त्याच्याशी भिडायचं म्हणजे नसती आफत. त्याला पांढऱ्यात गाठा.

विझार्डला राजासारखं कोपऱ्यात दडवणं किंवा शूरवीर करून पाठवणं

दोन्ही टोकं चूक. विझार्ड मेला म्हणून डाव संपत नाही, त्यामुळे त्याला राजा समजून घाबरत बसायचं कारण नाही. पण तो गेला की उरलेले सगळे मंत्र त्याच्याबरोबर जातात, हा तोटा लहान नाही. शिवाय तो मुळात ज्या घरात उभा असतो ते शक्तिस्थान आहे. पटावर अशी पाच आहेत: मध्यभागी एक आणि चार बाजूंच्या मधोमध एकेक. विझार्डचं कायम पांढरं, सॉर्सरेसचं कायम काळं, बाकी तीन बदलती. पाचही एकाच बाजूच्या ताब्यात आली की डाव तिथेच संपतो. लढायला म्हणून तुम्ही विझार्डला बाहेर काढलंत, तर पाचांपैकी एक ठाणं आपणहून मोकळं करून दिलंत.

याचीच उलट बाजूही लक्षात घ्या. बदलती तिन्ही ठाणी धरली तरी पाचवं नेहमी शत्रूच्या रंगात असतं. म्हणजे पाच ठाण्यांनी जिंकायचं तर एक लढाई तुम्हाला प्रतिकूल रंगात लढावीच लागते, नाहीतर समोरच्याने चुकून ते घर सोडावं लागतं. म्हणून जिनी आणि फिनिक्स शेवटपर्यंत धडधाकट ठेवायचे. सुरुवातीलाच त्यांना गॉब्लिन मारायला पाठवणारे लोक शेवटी सॉर्सरेसच्या दारात नाइट घेऊन उभे राहतात.

मंत्र उधळणं, नाहीतर जपून ठेवून वाया घालवणं

विझार्ड आणि सॉर्सरेसकडे सात-सात मंत्र, प्रत्येक मंत्र डावात एकदाच, आणि मंत्र टाकला की ती चाल संपली. काहींना वाटतं शत्रूचा ड्रॅगन मधल्या शक्तिस्थानावर बसलाय, त्याला कैद करू. होत नाही. शक्तिस्थानावरच्या मोहऱ्याला मंत्र लागत नाही, ना शत्रूचा ना आपला. टेलिपोर्टने कुणाला थेट तिथे नेताही येत नाही. खेळ बिघडलाय असं समजून डिस्क पुन्हा लोड करणारे यामुळेच असतात.

कैदेचा मंत्रही वेळ बघून टाकावा लागतो. कैदी सुटतो तो पटाचा रंग पूर्णपणे त्याच्या बाजूचा झाला की. ड्रॅगनला पट काळा व्हायच्या बेतात असताना कैद केलंत तर लगेच सुटेल. पट नुकताच उजळू लागला असताना केलंत तर बराच काळ जागेवर खिळून राहील. कैदी लढू शकत नाही असं मात्र नाही. त्याच्या घरात शिरलात तर तो पूर्ण ताकदीने लढतो.

काळाची दिशा उलटवणारा मंत्र माझ्या मते सगळ्यात मोलाचा, आणि लोक तोच विसरतात. पट तुमच्या विरुद्ध रंगाकडे निघालाय, तुमचे दोन मोहरे मधल्या रांगेत अडकलेत, अशा वेळी तो टाका. आग-पाण्यासारखं एखादं महाभूत बोलावण्याचा मंत्र एका हल्ल्यापुरता असतो. जिंको वा हरो, ते नंतर नाहीसं होतं. म्हणून ते ताज्यातवान्या ड्रॅगनवर सोडून त्याला अर्धमेला करायचा आणि पुढच्या चालीत आपल्या मोहऱ्याने काम संपवायचं, असा जोडून वापर करा.

जखमांचंही तेच. लढाईतली जखम मोहऱ्याबरोबर पटावर परत येते, पण पटावर ती दिसत नाही. हळूहळू भरते, शक्तिस्थानावर लवकर भरते. कोण किती जखमी ते तुम्हीच ध्यानात ठेवायचं. समोरच्याचे जखमी मोहरे तर जास्तच.

मैदानात फायर बटण बडवत राहणं

प्रत्येक हत्याराला पुन्हा सज्ज व्हायला वेळ लागतो. सज्ज झालं की आवाज येतो, तो ऐका. बटण दाबलेलं असताना मोहरा चालत नाही, जॉयस्टिक फक्त नेमाची दिशा ठरवते. त्यामुळे घाबरून बटण बडवणारा माणूस मैदानाच्या मधोमध पुतळा होऊन उभा राहतो. मारा, बटण सोडा, सरका, आवाज आला की पुन्हा मारा.

मैदानातले अडथळे दिसतात, विरघळतात, पुन्हा उगवतात. गोलेमसारख्या संथ मोहऱ्याने त्यांच्या आडून वाट बघावी. त्याचा धोंडा एकदा बसला की जबर बसतो. नाइटला तर तलवार टेकेपर्यंत जवळ जावंच लागतं, म्हणून मँटिकोरसमोर सरळ रेषेत धावू नका. फिनिक्स पेट घेतो तेव्हा त्याला काही होत नाही, पण तो हलूही शकत नाही. त्याचा भडका ओसरायच्या क्षणी शहाणा प्रतिस्पर्धी टपून बसलेला असतो.

बटणं बिघडलीत असं वाटतं तेव्हा

मोहरा तिरका जात नाही? जमिनीवरून चालणारे मोहरे पटावर तिरके जातच नाहीत आणि दुसऱ्यावरून उडीही मारत नाहीत. तिरकं जाणं उडणाऱ्यांना जमतं. उडणाराही तिरका जात नसेल तर दोष कीबोर्डचा: दोन बाणांच्या कळा एकदम दाबाव्या लागतात, आणि स्वस्त कीबोर्डवर दोघे जण एकत्र खेळायला बसले की काही कळा गिळल्या जातात. एकाने तरी यूएसबी कंट्रोलर घ्यावा.

एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) पडदा चालू पण जॉयस्टिक मुकी असेल तर आधी पोर्ट अदलाबदल करून पाहा. कमोडोरच्या बाबतीत ही तक्रार फार. अटारीच्या एक्सएल मालिकेचं एम्युलेशन असेल आणि डिस्क सुरूच होत नसेल, तर यंत्रातली बेसिक ही प्रोग्रॅमिंग भाषा बंद केलीय का बघा. खऱ्या यंत्रावर त्यासाठी सुरू करताना ऑप्शनची कळ दाबून धरत. मूळ डिस्कवर कॉपी संरक्षण असे, त्यामुळे ड्राइव्हचं अचूक एम्युलेशन बंद असेल तर लोडिंग अर्ध्यावर अडकू शकतं.

लढाया सुस्त वाटत असतील तर एम्युलेटर बहुधा युरोपातल्या पाल या 50 हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीवर आहे. खेळ अमेरिकन, 60 हर्ट्झच्या यंत्रासाठी लिहिलेला. 50 वर चालवलात तर वेग सहाव्या हिश्श्याने पडतो, सेटिंग एनटीएससी (अमेरिकन पद्धत) करा. वेग ठीक असूनही नेम सतत उशिरा बसत असेल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. मोठ्या टीव्हीवर चित्र सुधारण्याच्या नादात पडदा काही क्षण मागे राहतो, आणि तेवढ्यात व्हाल्करीचा भाला लक्ष्याच्या मागून निघून जातो.