कुंभारीण आणि लिंबाचं फुलपाखरू: शेजारी ठेवून कसं पाहाल

पहिला पाऊस झाला, संत्र्या-लिंबाला कोवळी पालवी फुटली की नागपुरात चिखलाचं घरटं बांधणारी कुंभारीण माशी आणि लिंबाचं फुलपाखरू, दोन्ही अंगणातच भेटतात. फरक पाहायचा असेल तर पंखांच्या रंगात अडकू नका. आई अंडं कुठे घालते तिथून सुरुवात करा.

फुलपाखरू सोपं. कोवळ्या पानावर खसखशीएवढं पिवळसर गोल अंडं शोधा, डहाळी कापून पाण्याच्या बाटलीत खोचा आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, नाहीतर अळी आत उतरून बुडते. वरून मोठी बरणी उपडी न घालता मलमल गुंडाळा. कोंदट हवेत अळ्या काळ्या पडून सडतात. फवारलेल्या बागेतला पाला चुकूनही नको. 3-4 दिवसांत अंडं फुटतं. लहान अळी हुबेहूब पक्ष्याची शीट, कात टाकत पाचव्या, शेवटच्या अवस्थेत पोचली की मात्र हिरवी, साधारण 4 सेंमी. बोटाने हलकेच डिवचली की डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते, वासासकट. कोशाखाली वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर पंख चुरगळलेलेच वाळतात.

कुंभारीण पाळायची नाही, फक्त पाहायची. काळी, पिवळ्या पायांची, दोऱ्यासारख्या कमरेची ही माशी कूलरखालचा ओला चिखल उचलून भिंतीवर कप्पे बांधते. प्रत्येक कप्प्याशेजारी पेन्सिलीने तारीख लिहा, आणि लवकर लिहा. शेवटी ती सगळ्यांवर चिखलाचा एकच लेप देते, मग कप्पे मोजता येत नाहीत. जवळ गेलात तरी सहसा चावत नाही. कागदी पोळ्यावर घोळक्याने बसते ती गांधीलमाशी, तिच्यापासून लांब राहा.

त्याच दिवशी बंद झालेला एकच कप्पा ब्लेडने उघडा. आत कोळी दाटीवाटीने भरलेले असतात. सुईने हलवले तर एखादा पाय थरथरतो. ते मेलेले नाहीत, डंखाने लुळे केलेले आहेत, म्हणून सडत नाहीत. एका कोळ्यावर पांढुरकं, लांबट अंडं. फुलपाखरू अन्नावर अंडं ठेवून निघून जातं, कुंभारीण कप्प्यात अन्न साठवते आणि त्यातल्याच एकावर अंडं घालते. (कुंभारीण दुसऱ्या किड्याच्या अळीला गुणगुणून आपल्यासारखी करते, हा जुना दृष्टान्त इथेच ढासळतो: आतली अळी तिच्याच अंड्यातली असते.)

जुन्या घरट्याला गोल भोक दिसलं तर पिल्लू उडालंय. पण त्यातून चकचकीत हिरवी माशी निघाली तर ती कुंभारणीची नव्हे. त्या घरट्यात गुपचूप आपलं अंडं घालून गेलेल्या दुसऱ्याच जातीच्या माशीचं ते पिल्लू.