शेततळ्याच्या पाण्यातून आवाजाने संदेश कसा पाठवावा

शेततळ्याच्या तळाशी मोजलेले तापमान बिनतारी पद्धतीने काठावर आणायचे असेल, तर वायफाय किंवा ब्लूटूथ कामाला येत नाही, कारण त्यांच्या लहरी पाण्यात थोड्याच अंतरात विरून जातात. आवाज मात्र पाण्यातून सेकंदाला सुमारे १,४८० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. जिनिव्हा सरोवरात १८२६ साली कोलादों आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली घंटा वाजवून हाच वेग मोजला होता. स्पीकर काठावर ठेवून भागत नाही. हवेतून पाण्यात शिरताना आवाजाच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग आत जातो. म्हणून बोलणारी आणि ऐकणारी, दोन्ही साधने पाण्यात हवीत.

त्यासाठी बझरमध्ये असते तशी पिझो चकती (वीज दिली की थरथरणारी आणि थरथरली की वीज देणारी) दोन्ही बाजूंना पुरते. शील्डेड वायरची (आतल्या तारेभोवती धातूची जाळी असलेली वायर) आतली तार मधल्या चंदेरी भागाला आणि जाळी पितळी कडेला जोडावी. सोल्डरिंग गन दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, नाहीतर चंदेरी थर उचलला जातो आणि चकती वाया जाते. मग संपूर्ण चकतीवर आणि वायरच्या तोंडावर इपॉक्सीचा पातळ, बुडबुडे नसलेला थर द्यावा. जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात इपॉक्सी फार लवकर घट्ट होते, तेव्हा थोडे थोडेच कालवावे. एक दिवस वाळवून चकती रात्रभर बादलीत बुडवावी आणि सकाळी मल्टिमीटर लावावा. दोन तारांमधला रोध घसरलेला दिसला, तर पाणी आत शिरले आहे.

पाठवणारी चकती बॅटरीवरच्या अॅम्प्लिफायरला आणि ऐकणारी चकती गिटारच्या पिझोसाठी मिळणाऱ्या प्रीअॅम्पमार्फत (क्षीण संकेत वाढवणारे साधन) रेकॉर्डरला जोडावी. पाण्याजवळ घरगुती वीज वापरू नये, आणि प्लॅस्टिक अंथरलेल्या निसरड्या काठावर एकट्याने उतरू नये.

आता मुख्य गोष्ट. तीस मीटरच्या तळ्यात अंतराची अडचण नसते, प्रतिध्वनीची असते. आवाज वीस मिलिसेकंदांत पलीकडे पोहोचतो आणि काठ, तळ व पाण्याचा पृष्ठभाग यांवर आपटून परत परत येत राहतो, त्यामुळे घाईने पाठवलेले सूर एकमेकांत मिसळतात. म्हणून आधी एकच छोटा सूर वाजवून त्याचे रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनी-संपादन प्रोग्रॅममध्ये उघडावे, त्याचे शेपूट किती वेळ टिकते ते पाहावे आणि दोन सुरांमधली शांतता त्याहून मोठी ठेवावी.

शून्यासाठी ३,००० आणि एकसाठी ४,००० हर्ट्झ ठरवावे. सूर १०० आणि शांतता १५० मिलिसेकंद धरली, तर सेकंदाला चार बिट, म्हणजे चार शून्य-एक, जातात. तापमानासाठी ते भरपूर आहे. २७ अंश म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ०११०११. त्यात एकांची संख्या सम आहे, म्हणून तपासणीचा सातवा बिट शून्य; विषम असती तर एक. हा हिशेब जुळला नाही, तर तो आकडा टाकून द्यावा. प्रत्येक संदेशाच्या आरंभी ५,००० हर्ट्झचा अर्ध्या सेकंदाचा सूर द्यावा, म्हणजे मोजणी कुठून करायची ते कळते.

चाचणी सकाळी, मोटार बंद असताना करावी. दुपारी शेवाळातून निघणारे वायूचे बुडबुडे आवाज अडवतात. चकतीला चिकटलेले बुडबुडेही पाण्याखालीच बोटाने पुसून काढावेत. सुरुवात पाच मीटरपासून करावी. एखाद्या जागी फक्त ४,००० हर्ट्झचा सूर नाहीसा झाला, तर सरळ आलेली आणि परावर्तित लहर तिथे एकमेकींना खोडत असतात. चकती ज्या दोरीने सोडली ती वीसेक सेंटिमीटर वर-खाली केली की तो सूर बहुधा पुन्हा सापडतो.