बोट मॉनिटरवर, क्लिक लॅपटॉपवर

शिकवणीसाठी लॅपटॉपला टचस्क्रीन मॉनिटर जोडला. चित्र लगेच आलं, पण बोट लावलं तर काहीच हलेना. मॉनिटरच खराब निघाला असं वाटून परत करायला निघाले होते. मग कळलं, एचडीएमआय केबल चित्र आणि आवाज नेते. बोट कुठे टेकलं हे लॅपटॉपला कळायला मॉनिटरपासून वेगळी यूएसबी केबल लावावी लागते. ती खोक्यातच राहिली होती.

ती लावली आणि नवाच घोळ. बोट मॉनिटरवर टेकवायचं, क्लिक व्हायचं लॅपटॉपच्या पडद्यावर! मुलं समोर बसलेली, फार जीव कासावीस झाला. दोन पडदे असले की टचचा कुठला, हे विंडोजला कधीकधी सांगावं लागतं. कंट्रोल पॅनेलमधलं ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’ उघडलं, ‘सेटअप’ दाबलं, ‘टच इनपुट’ निवडलं. मग एकेका पडद्यावर सूचना येते. लॅपटॉपवर आली तेव्हा नुसतं एंटर दाबलं (तिथे बोट लावायचं नाही), मॉनिटरवर आली तेव्हा बोट टेकवलं. झालं काम.

आता भूमितीच्या आकृत्या थेट पडद्यावर काढते.