नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणून नुसतं आधार घेऊन निघू नका: या चुका टाळा

गेल्या वर्षी आमचे काका-काकू मुक्तिनाथला निघाले होते. यात्रेचा ग्रुप, मुंबईहून दिल्ली आणि दिल्लीहून काठमांडूचं विमान. दोघांकडे फक्त आधार कार्ड, कारण ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं होतं की नेपाळला आधार चालतं. दिल्लीला काउंटरवर काकांना बोर्डिंग पास मिळाला आणि काकूंना नाही. काका ६७ वर्षांचे, काकू ६२. एकाच घरातले दोघं, कार्ड तेच, मग एकाला हो आणि एकाला नाही असं कसं, म्हणून काका तिथे अर्धा तास वाद घालत बसले, पण नियम खरंच तसाच आहे आणि तो आधी माहीत असता तर दोघांचे तिकिटाचे पैसे वाचले असते. म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे व्हिसा नको याचा अर्थ कागद नको असा होत नाही. भारत आणि नेपाळमध्ये १९५० च्या करारापासून येणंजाणं मोकळं आहे, आपल्याला व्हिसा लागत नाही हे खरं. पण विमानाने जाताना भारतीय माणसाकडे दोनपैकी एक तरी पाहिजे, मुदतीत असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार, पॅन, लायसन्स ही १५ ते ६५ वयातल्या माणसाला विमानासाठी चालत नाहीत. १५ पेक्षा लहान आणि ६५ पेक्षा मोठ्यांना मात्र वय आणि फोटो दिसणारं दुसरं कार्ड चालतं, पॅन, लायसन्स, रेशन कार्ड वगैरे, आणि २०१९ पासून त्यात आधारही आलं. लोक ही बातमी अर्धीच ऐकतात आणि "आधार चालतं" एवढंच पुढे पाठवतात. काकांचं वय त्यात बसलं, काकूंचं तीन वर्षांनी हुकलं.

एक सवलत अजून आहे जी लोकांना माहीतच नसते. कुटुंब एकत्र जात असेल आणि त्यातल्या एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल तर बाकीच्यांना फोटो आणि नातं दाखवणारा पुरावा चालतो, म्हणजे रेशन कार्ड, लायसन्स, मुलांचं शाळेचं आयडी. म्हणजे काकांनी स्वतःचं मतदार कार्ड खिशात ठेवलं असतं तरी काकूंचं निभावलं असतं! ते कार्ड साताऱ्याला कपाटात होतं. तरीपण माझं मत असं की या सवलतीच्या भरवशावर तिकीट काढू नका, नातं सिद्ध करत काउंटरवर उभं राहण्यापेक्षा प्रत्येकाचं स्वतःचं कार्ड असलेलं बरं.

१५ ते १८ मधल्या मुलांची गंमत वेगळीच, त्यांचं मतदार कार्ड असूच शकत नाही. पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळखपत्र लागतं. मे महिन्यात शाळा बंद असते आणि ट्रिपही नेमकी मे मधलीच असते, तेव्हा मार्च-एप्रिलमध्येच ते घेऊन ठेवा. दहावी झालेल्या पोराचं तर आणखी अवघड, जुनी शाळा सुटलेली आणि कॉलेज अजून मिळालेलं नसतं. अशा वेळी सरळ पासपोर्टच काढून टाका.

आता आपल्याकडची खास अडचण, लग्नानंतरचं नाव. महाराष्ट्रात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि पूर्वी तर पहिलं नावसुद्धा बदलायचे. मतदार कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि तिकीट काढणारा मुलगा आधार बघून नाव टाईप करतो. मग विमानतळावर दाखवायला मतदार कार्ड काढलं की तिकिटावरची बाई वेगळी आणि कार्डावरची वेगळी. तिकीट काढताना जे कार्ड दाखवणार आहात त्याच्यावरचंच नाव, त्याच स्पेलिंगने टाका. तिकीट निघून गेलं असेल तर लगेच विमान कंपनीकडून नाव दुरुस्त करून घ्या, कार्ड दुरुस्त करायला जाल तर फॉर्म ८ भरून नवीन कार्ड हातात यायला वेळ जातो. आणि मोबाईलमधलं डिजिटल मतदार कार्ड किंवा त्याची झेरॉक्स यावर विसंबू नका, मूळ कार्ड न्या, आणि जाताना जे दाखवलं तेच येताना दाखवा.

काकूंचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण अडकलात तर हाच रस्ता आहे. दोघं दिल्लीहून रेल्वेने गोरखपूरला गेले, तिथून जीपने सुनौली. गोरखपूर ते सुनौली साधारण शंभर किलोमीटर. सीमेवर सशस्त्र सीमा बलाच्या जवानांनी आधार बघितलं, बॅग बघितली, आणि दोघं चालत पलीकडे बेलहियाला गेले. रस्त्याने जाताना विमानासारखी पासपोर्ट-मतदार कार्डाची अट नाही, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र मात्र जवळ हवंच. दोन दिवसांनी ते पोखऱ्याला ग्रुपला जाऊन मिळाले. पैसे गेले, कंबर धरली, पण दर्शन झालं. फक्त एक लक्षात ठेवा, येतानाचं विमान असेल तर तोच नियम परत लागतो, काका-काकू परत येतानाही सुनौलीवरूनच आले.

तसंच मतदार कार्डावर नेपाळला जायचं ते भारतातून थेट जाणाऱ्यांसाठी. दुबईहून किंवा दुसऱ्या कुठल्या देशातून काठमांडूला उतरणार असाल तर पासपोर्टच लागतो. नेपाळमार्गे कैलास-मानसरोवर करणाऱ्यांनाही पासपोर्टशिवाय पुढे जाता येत नाही. आणि अमेरिकेतून सुट्टीला आलेली भाची किंवा नातू बरोबर असेल, त्यांचा पासपोर्ट तिकडचा असेल, तर ते आपल्या नियमात बसतच नाहीत, त्यांना नेपाळचा व्हिसा घ्यावा लागतो. तो काठमांडूला उतरल्यावर मिळतो, १५ दिवसांचे ३० डॉलर. पण भारतात परत येण्यासाठी त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) किंवा परत प्रवेश देणारा व्हिसा आहे ना हे निघण्याआधी बघा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तर नेपाळात पाऊल टाकलं की तो संपला.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी शब्द एकच, भन्सार. म्हणजे तिकडची कस्टम. सीमेवर आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी दाखवून जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरायचे आणि पावती गाडीत ठेवायची. लोक पैसे वाचवायला चार दिवस सांगतात आणि रस्ता दरड कोसळून बंद झाला की पाचवा दिवस उजाडतो, मग दंड, वर गाडी अडकायची भीती. एक-दोन दिवस जास्तच भरा. गाडी मित्राच्या, वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर मालकाचं अधिकारपत्र घ्या, ते नसलं तर सीमेवरूनच परत फिरावं लागू शकतं.

पैशांचा भाग नीट वाचा. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून पक्का आहे. नोटांचे नियम मात्र बदलत राहतात, डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने भारताच्या २००, ५०० आणि २००० च्या नोटांवर बंदी घातली होती, तेव्हा पाचशेची बंडलं नेलेले लोक चहासाठी सुद्धा अडले. शंभरच्याच नोटा न्या, त्या सगळीकडे घेतात. दुकानदार किंमत सांगेल तेव्हा "आयसी की एनसी" विचारा, म्हणजे भारतीय का नेपाळी, हा प्रश्न न विचारल्यामुळे दीडपट पैसे दिलेली माणसं मी बघितली आहेत. मार्च २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालायला लागलंय, हे फोनपे म्हणजे नेपाळची वेगळी कंपनी, आपलं ॲप नाही. पण रोमिंग चालू केलं नसेल तर बँकेचा ओटीपी येत नाही आणि नेट नसेल तर यूपीआयही नाही, म्हणून निघायच्या आधी भारतातच रोमिंग चालू करून घ्या. तिकडचं सिम घेणार असाल तर ओळखपत्राची झेरॉक्स आणि फोटो लागतो, पासपोर्ट साईजचे सहा-आठ फोटो न्याच.

फोटो मुक्तिनाथलाही लागतात. मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतं, तिथे जायला परमिट हवं, सार्क देशांतल्यांना, म्हणजे आपल्यालाही, १००० नेपाळी रुपये. पोखऱ्यात निघण्याआधीच काढा आणि टूरवाल्याने काढलं असेल तर त्याच्याकडून कागद मागून बघा.

तारखेचा घोळ तर कितीतरी जणांचा होतो. नेपाळात विक्रम संवत चालतं, आपल्यापेक्षा ५६-५७ वर्षं पुढे, बसच्या तिकिटावर महिना आणि तारीखही त्यांचीच असते. तिकीट देणाऱ्याकडून इंग्रजी तारीख पेनाने लिहून घ्या. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा, आणि सुट्टीचा वार तिकडे शनिवार असतो, सरकारी कामं शनिवारवर ठेवू नका.

काही टूरवाले नेपाळ-भूतान एकत्र विकतात आणि लोकांना वाटतं नियम सारखेच. बिलकुल नाहीत. भूतानला पासपोर्ट, तोसुद्धा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला, किंवा मतदार कार्ड लागतं, लहान मुलांना जन्मदाखला लागतो, आधी परमिट घ्यावं लागतं आणि भारतीय पर्यटकाला माणशी दर रात्री १२०० रुपये शुल्क आहे. पॅकेजच्या किमतीत ते धरलंय का हे लेखी विचारा.

परतीचा रस्ता रक्सौलवरून असेल तर बॅगेत दारूची बाटली नको, अगदी सीलबंद भेट म्हणून सुद्धा नको. रक्सौल बिहारात येतं आणि बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून पूर्ण दारूबंदी आहे, सीमेवरच झडती होते आणि थेट अटक होते.

आणि नेपाळात कार्ड हरवलंच तर घाबरू नका. आधी जवळच्या पोलीस चौकीत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, मग काठमांडूला लैनचौरमधल्या भारतीय दूतावासात जा, तिथे परत येण्यापुरतं प्रमाणपत्र मिळतं. सगळ्या कार्डांचे फोटो घरच्या एका माणसाच्या मोबाईलमध्ये आधीच पाठवून ठेवले असतील तर हे काम खूप लवकर होतं, आणि ते फोटो आज रात्रीच पाठवा, निघायच्या दिवशी गडबडीत राहून जातं.