वसाहतकाळाचा अभ्यास करायचाय? आधी कापसाचा बाजार बघा

एम.ए.ला इतिहास घेतलेली आमच्या विदर्भातल्या खेड्यापाड्यांतली पोरं नेहमी विचारतात, इंग्रजी अमलाचा अभ्यास कुठून सुरू करू? मी सांगतो, आधी तुमचं गाव वर्धा नदीच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा.

अलीकडे वऱ्हाड. १८५३ च्या तहाने निझामाने फौजेच्या खर्चापोटी हा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला. मालकी निझामाची, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटचा, म्हणजे निझामाच्या दरबारातल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीचा. पलीकडे नागपूरकर भोसल्यांचं राज्य गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केलं. तिकडे मालगुजार आला, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा गावमालक; इकडे रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने सारा थेट सरकारला भरायचा. वऱ्हाडात वावर खातेदाराच्या नावावर लागलं, म्हणजे ते गहाण टाकता येऊ लागलं आणि विकताही. शेतसारा रोख भरायचा, तोही ठरल्या वेळी. सावकार गावागावांत का बसला, ते इथे कळतं.

कापसावर मात्र निवांत वेळ द्या. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरच्या कापडगिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचे दिवस आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव फाटा सुरू झाला, तोही मुख्यतः कापसासाठी. रूळ कुठून कुठे गेले हे नकाशावर बोट ठेवून बघा. सरकारला काय हवं होतं, ते त्यातच दिसतं.

माझा सगळ्यात आवडता विषय वऱ्हाडातल्या कारंज्याचा बाजार. देशातला पहिला नियंत्रित, म्हणजे सरकारी नियमांखाली चालणारा कापूस बाजार १८८६ मध्ये इथे झाला. पुढे १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडातल्या बाजारांना समित्या आल्या, दलाल आणि मापारी परवान्याखाली आले. पण समितीत व्यापारी आणि नगरपालिकेची माणसं. कापूस पिकवणाऱ्याला जागाच नाही! राज्य, समाज आणि व्यापार या तिन्हींची गाठ एवढ्या एका गोष्टीत सापडते. प्रबंधाला विषय शोधत असाल, तर हाच घ्या.

साधनांसाठी लायलने संपादित केलेलं वऱ्हाडचं १८७० चं गॅझेटियर (मुलखाची माहिती देणारा सरकारी ग्रंथ) आणि १९१० च्या आसपासची जिल्हा गॅझेटियरं वाचा. आधी शेतसारा आणि व्यापाराची प्रकरणं, मग बाकीचं. लिहिणारे साहेब सरकारचे नोकर होते, हे मनात असू द्या. १८९९-१९०० च्या दुष्काळाबद्दल वाचताना पोटात कालवतं. तो भाग टाळू नका, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी आजोबांकडून काय ऐकलं तेही विचारून घ्या.

जुने कागद मागताना एक ध्यानात ठेवा. १९०५ पर्यंत यवतमाळ जिल्ह्याचं नाव वणी होतं, इंग्रजी कागदांत ‘वून’. त्याच साली वाशीम जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळात वाटला गेला. त्यामुळे अर्जात आजच्या जिल्ह्यासोबत तेव्हाचा जिल्हा आणि तालुकाही लिहा.